वेठ आणि सेवा

दीक्षा घेतलेल्या घरात मुलगा किंवा मुलगी अठरा-वीस वर्षांची झाली की एक प्रश्न उंबऱ्याशी येऊन उभा राहतो. विहाराच्या कमिटीचा माणूस संध्याकाळी येतो आणि म्हणतो, ‘पोराला रविवारी पाठवा.’ कधी लहान मुलांचा वर्ग घ्यायचा असतो, कधी पौर्णिमेची तयारी असते, कधी वस्तीतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला सरकारी दवाखान्यात न्यायचे असते. बाप तोंडाने हो म्हणतो. माणूस गेल्यावर मात्र तो बायकोपाशी बोलून जातो, ‘आमच्या आज्या-पणज्यांनी गावाचे फुकट राबून हाडांची काडे केली. आता माझ्याही लेकराने फुकटच राबायचे काय?’

व्यासपीठावरून या बापाला स्वार्थी ठरविणे फार सोपे आहे. ‘समाजाला विसरला’ एवढे म्हटले की टाळ्या पडतात. परंतु माझ्या मते या बापाचा प्रश्न अगदी रास्त आहे. तो आपल्या इतिहासातून आलेला आहे आणि त्याला सरळ उत्तर मिळाले पाहिजे. ज्या समाजावर शेकडो वर्षे बिनमोल श्रम लादले गेले, त्या समाजाच्या तरुणांकडे बिनमोल श्रम मागण्याचा अधिकार कोणाला आहे काय? असेल तर कोणत्या अटीवर?

प्रथम वेठ म्हणजे काय होते ते नीट आठवू या. कारण आजच्या पिढीने ते पाहिलेले नाही आणि ज्यांनी पाहिले ते घरात फारसे बोलत नाहीत. महारकी वतनाच्या नावाखाली जी कामे होती त्यांची यादी कोणी लिहून ठेवलेली नव्हती. सरकारी टपाल तालुक्याला नेणे, वसुलाबरोबर चालत जाणे, चावडीवर पहारा करणे, मयताची बातमी घेऊन परगावी धावणे, लाकडे फोडणे, मेलेली जनावरे ओढणे, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढे पळणे. बोलावणे कधी येईल याचा नेम नव्हता. दिवस नव्हता, रात्र नव्हती. वतनदार आजारी असला तर त्याचा भाऊ, मुलगा, घरातले कोणीही त्याच्या जागी गेले पाहिजे. त्याच्या बदल्यात थोडी इनामाची जमीन, बलुते आणि दारोदार मागून आणलेली भाकर. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे बिल मांडले ते याच कारणाने. कामाला मर्यादा नाही, मोबदल्याला हमी नाही आणि एका माणसाच्या वतनापायी सारे घर बांधलेले, अशा नोकरीने माणसाची उमेद मरते, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. ही कनिष्ठ वतने नाहीशी व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला. म्हणजे दीक्षेनंतरही दोन वर्षे वतन कागदावर जिवंतच होते!

यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वेठीची वेदना केवळ पैसे न मिळण्याची नव्हती. पैसे न घेता माणूस कितीतरी कामे करतो आणि आनंदाने करतो. आई लेकरासाठी रात्र जागते, शेजारी शेजाऱ्याच्या घरावर पत्रे चढवायला हात लावतो. त्याला कोणी वेठ म्हणत नाही. वेठीत मुख्य गोष्ट अशी होती की ‘नाही’ म्हणण्याची सोय नव्हती. काम कोणते हे दुसरा ठरवी, किती हे दुसरा ठरवी, आणि ते काम त्या माणसाच्या वाट्याला का आले याचे उत्तर एकच, त्याचा जन्म.

भारतीय संविधानाच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीस मनाई केली आहे. त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात असे आहे की राज्याला सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावता येईल. परंतु ती लावताना धर्म, वंश, जात किंवा वर्ग एवढ्याच कारणावरून भेदभाव करता येणार नाही. याचा अर्थ असा की संविधानाने समाजासाठी श्रम करण्याला त्याज्य मानलेले नाही. श्रमाचा बोजा जन्म पाहून कोणाच्या तरी डोक्यावर टाकणे त्याज्य मानले आहे. १९७६ साली वेठबिगार मुक्तीचा वेगळा कायदा झाला. कायद्याने बाहेरची वेठ हटविण्याची सोय केली. आपल्या आपल्यात वेठ शिरू नये याची सोय मात्र कोणताही कायदा करू शकत नाही. ती आपली आपणच केली पाहिजे.

आता कमिटीच्या माणसाकडे वळू. तो तरुणाला काय सांगतो? बहुधा असे सांगतो की, ‘तुझ्यावर समाजाचे ऋण आहे. बाबासाहेबांमुळे तू शिकलास, ते ऋण फेड.’ हे वाक्य आपल्या सभांत इतके रुळले आहे की त्यावर कोणी विचार करीत नाही. मी जरा करू इच्छितो. माणूस जन्मतःच ऋणाईत असतो ही कल्पना कोणाची? देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही तीन ऋणे घेऊनच माणूस जन्माला येतो आणि ती फेडणे हा त्याचा धर्म, असे सांगणारी परंपरा ब्राह्मणी आहे. वतनाचे गणितही हेच होते. बापाने जमीन खाल्ली म्हणून मुलाने राबावे, आजोबाला बलुते मिळाले म्हणून नातवाने धावावे. जन्माने आलेल्या कर्जाची भाषा आपण आपल्या मुलांशी बोलू लागलो तर जुने वतन नव्या नावाने विहारात आणले असे होईल. ज्या मुलाने कर्ज काढलेले नाही त्याच्या दारात वसुलीला जाऊ नये.

मग तरुणाने कृतघ्न व्हावे काय? मुळीच नाही. धम्मात त्यासाठी ऋणापेक्षा फार चांगला शब्द आहे, तो म्हणजे कतञ्ञुता, कृतज्ञता. आपल्यासाठी काय केले गेले हे जाणणे, असा त्याचा अर्थ आहे. कर्ज वहीत लिहिलेले असते; ते जाणले काय नि न जाणले काय, सावकार येतोच. कृतज्ञतेला मात्र आधी समजून घ्यावे लागते. ती मनात उगवते, वसूल होत नाही. अंगुत्तर निकायात तथागतांनी जगात दुर्लभ अशी दोन प्रकारची माणसे सांगितली आहेत. एक, जो दुसऱ्याचे भले प्रथम आपणहून करतो तो. आणि दुसरा, जो केलेले जाणतो व ते मानतो तो. या क्रमाकडे पाहा. आधी कोणीतरी आपणहून करणारा लागतो. तरुणांत कृतज्ञता नाही अशी तक्रार करणाऱ्या ज्येष्ठांनी स्वतःला एक विचारावे, की या मुलासाठी आपण प्रथम काय केले? त्याची फी भरली काय? त्याच्या अभ्यासाला विहाराची खोली उघडून दिली काय? का त्याची आठवण फक्त खुर्च्या मांडायच्या दिवशी झाली?

उलट बाजूचा दोषही तितकाच खरा आहे. ‘मला काय मिळणार?’ या एकाच मापाने सर्व काही मोजणारा तरुणही आपल्यात आहे. त्याच्यासाठी विनयपिटकातील एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. एका विहारात एक भिक्खू अतिसाराने आजारी होता आणि आपल्याच घाणीत पडून होता. भगवान आनंदासह तेथे आले. इतर भिक्खू तुझी शुश्रूषा का करीत नाहीत, असे त्यांनी विचारले. तो म्हणाला की मी त्यांच्या कोणाच्या उपयोगी पडलो नाही, म्हणून ते माझ्याकडे पाहत नाहीत. हिशेब कसा चोख होता! त्याने दिले नाही, म्हणून त्याला मिळाले नाही. भगवंतांनी हा हिशेब मान्य केला नाही. आनंदाला पाणी आणावयास सांगितले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले, आणि एकाने डोक्याकडून व दुसऱ्याने पायाकडून उचलून दोघांनी त्याला खाटेवर निजविले. मग भिक्खूंना एकत्र बोलावून सांगितले की तुम्हांला येथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची काळजी घेतली नाही तर कोण घेणार? जो माझी सेवा करू इच्छितो त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

या प्रसंगातून तरुणाला कळते की सेवा ही देवघेव नाही. पण मला त्यात ज्येष्ठांसाठी अधिक मोठा धडा दिसतो. त्या दिवशी त्या विहारात सर्वांत ज्येष्ठ कोण होते? स्वतः शास्ता. आणि सर्वांत हलके समजले जाणारे काम कोणी केले? त्यांनीच. एखाद्या नव्या श्रामणेराला हाक मारून ‘हे साफ कर’ असे त्यांनी सांगितले नाही. आमच्याकडे मात्र वय वाढले की माणूस मंचावर चढतो आणि झाडू खाली राहतो. मांडव घालणारे तरुण, पाणी भरणारे तरुण, उष्ट्या पत्रावळी उचलणारे तरुण; आणि हार स्वीकारणारे नेहमी तेच चार. ज्या गावगाड्यात कामाची उतरंड जन्मावर ठरत होती तेथून आपण बाहेर पडलो आणि वयाची नवी उतरंड उभारली. चार संग्रहवस्तूंत दान, प्रियवचन आणि अर्थचर्या यांच्याबरोबर समानात्मता सांगितली आहे, ती काय केवळ पाठ म्हणून दाखविण्यासाठी?

आपल्या चळवळीचा इतिहास याबाबतीत चांगला आहे, आणि तो मुलांना सांगावा. १९२७ च्या डिसेंबरात महाडला दुसऱ्यांदा लोक जमले तेव्हा गावातले व्यापारी काही विकणार नाहीत हे आधीच ओळखून दहा दिवस पुरेल एवढे धान्य बाहेरून आणून ठेवावे लागले होते. स्वयंसेवकांच्या शिस्तीचे आपण कौतुक करतो, ते योग्यच आहे. परंतु ती शिस्त ज्या भाकरीवर उभी होती तिचा विचार कोणीतरी आधी केला होता. समता सैनिक दलाच्या तरुणांनी परिषदा सांभाळल्या, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखोंच्या गर्दीत व्यवस्था ठेवली. त्या मुलांना कोणी पगार दिला नव्हता. पण त्यांना कोणी वेठीला धरलेलेही नव्हते. आपण का उभे आहोत हे त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. आजही ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर रांगा लावणारी, पाणी वाटणारी, हरवलेल्या म्हाताऱ्यांना त्यांच्या गाववाल्यांपर्यंत पोचविणारी मुले दिसतात. एखाद्याला विचारून पाहा. तो ऋण, कर्तव्य असले शब्द वापरत नाही. ‘माझी आजी दरसाल रेल्वेत उभी राहून यायची,’ असे काहीतरी सांगतो. ही कतञ्ञुता होय.

तेव्हा बापाच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. लेकराने फुकट राबू नये. पण सेवा जरूर करावी. आणि त्याचे राबणे सेवा ठरते की वेठ, हे बरेचसे आपण ज्येष्ठ त्याला कसे वागवितो यावर अवलंबून आहे. मुलाच्या मनाची शुद्धता पुरेशी नाही. शुद्ध मनाच्या मुलालाही वेठीला धरता येते. किंबहुना त्यालाच सहज धरता येते.

कसे वागवावे? सिगालोवाद सुत्तात मालकाने नोकराशी कसे वागावे याच्या पाच गोष्टी भगवंतांनी सांगितल्या आहेत. त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे. अन्न व वेतन द्यावे. आजारपणात काळजी घ्यावी. काही विशेष गोड पदार्थ असला तर त्यातला वाटा द्यावा. आणि वेळच्या वेळी त्याला मोकळे करावे. हा उपदेश पगारी नोकराबद्दल आहे, स्वयंसेवकाबद्दल नाही, हे मला मान्य आहे. पण ज्याला वेतन मिळते त्याचाही एवढा अधिकार असेल, तर जो वेतन मागत नाही त्याला याहून कमी देणे कोणत्या न्यायाने बसते? वेतन सोडून बाकीच्या चार गोष्टी तरी आपल्या विहारांत पाळल्या जातात काय, हे पाहावे.

शक्तीप्रमाणे काम ही पहिलीच गोष्ट घ्या. बारावीच्या परीक्षेला दोन महिने उरले असताना मुलाला जयंतीच्या वर्गणीसाठी घरोघर हिंडविणे हे शक्तीबाहेरचे काम आहे. जो मुलगा दिवसभर लोकांच्या दारी सामान पोचविण्याची नोकरी करून रात्री दहाला घरी येतो, त्याच्याकडे रविवारचा पूर्ण दिवस मागणे हेही तसेच. श्रीमंताच्या मुलाला सेवेसाठी वेळ विकत घ्यावा लागत नाही. गरिबाच्या मुलाचा तास म्हणजे त्याच्या घरची भाजी असते. म्हणून आपल्या वस्तीत सेवेची मागणी करताना हिशेब अधिक बारीक ठेवला पाहिजे. मुलगा तालुक्याच्या दवाखान्यात कोणाला घेऊन गेला तर त्याचे एस. टी. चे भाडे आणि दुपारचे जेवण त्याच्या खिशातून जाता कामा नये. ही गोष्ट फार क्षुल्लक वाटते. परंतु चांगली चांगली मुले हळूहळू यायची बंद होतात ती याच क्षुल्लक गोष्टीपायी, आणि संकोचाने ती कारणही सांगत नाहीत.

हे भाडे कोठून द्यायचे? १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्यासाठी द्यावा असे सांगितले. ज्याला मिळकत आहे त्याने रुपयांत द्यावा. ज्याला अद्याप मिळकत नाही त्या विद्यार्थ्याने वेळ द्यायचे म्हटले तर हिशेब करून पाहा. झोपेचे आठ तास सोडले तर आठवड्याचे जागे तास ११२ होतात. त्याचा विसावा भाग साडेपाच तासांच्या जरा वर जातो. कॉलेजांतून १९६९ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याकडून वर्षाला १२० तासांची अपेक्षा असते, म्हणजे आठवड्याला अडीच तासही होत नाहीत. तेव्हा साडेपाच तास ही वरची मर्यादा समजावी, खालची नव्हे. वेठीला मर्यादा नव्हती हे आपण पाहिले. मर्यादा घातली की तेच श्रम निराळे होतात. आणि कमावत्या माणसांच्या विसाव्या भागातला काही अंश या मुलांच्या भाड्याला, वह्यांना, चहा-नाश्त्याला ठेवावा. मोठ्या आवाजाच्या भोंग्यांवर एका रात्रीत जे खर्च होते, त्यात अभ्यासिकेचे वर्षभराचे वीजबिल भागते की नाही हे ज्याने त्याने आपापल्या गावात ताडून पाहावे.

आजारपणात काळजी घेणे याचा अर्थही जरा व्यापक घ्यावा लागेल. तरुणांना मोर्च्यात पुढे केले जाते. त्यात वावगे काही नाही. तारुण्याचा स्वभावच पुढे जाण्याचा आहे. पण पुढे गर्दी झाली, ढकलाढकली झाली, पोलिसांनी नावे लिहून घेतली की ती नावे पुढच्या रांगेतल्या पोरांची असतात. भाषण करणारा संध्याकाळी आपल्या घरी असतो. पुढे त्या मुलाची नोकरी लागायची वेळ येते आणि चारित्र्य पडताळणीत तो कागद वर येतो. अशा वेळी वकील पाहायला, जामीन द्यायला, त्याच्या आईजवळ जाऊन बसायला किती ज्येष्ठ पुढे येतात? ज्या कामाची जोखीम आपण उचलणार नाही ते काम मुलाला सांगणे, ही वेठीतलीही नीच वेठ होय. निवडणुकीच्या दिवसांत विहारातल्या मुलांच्या हाती कोणाची तरी पत्रके देऊन त्याला समाजकार्य म्हणणाऱ्यांविषयी मी अधिक लिहीत नाही. मुले तेवढी समंजस असतात; ती ओळखतात.

मुलींबद्दल वेगळे लिहिण्याची पाळी येऊ नये, पण येते. कार्यक्रम असला की मुलींना स्वयंपाकाकडे किंवा रांगोळीकडे पाठवितात, आणि काम संपले की ‘आता घरी जा’ म्हणतात. निर्णयाच्या बैठकीत त्यांची सतरंजी नसते. १९४२ च्या जुलैत नागपूरला अस्पृश्य महिलांची अखिल भारतीय परिषद भरली, तिच्या अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. त्या काळी परिषद चालविणाऱ्या बायका होत्या आणि आज आमच्या मुलींना पाहुण्यांची ओळख करून देण्यापलीकडे माईक मिळत नाही! आईबापांची भीती मी समजू शकतो. मुलगी रात्री उशिरा कोणाबरोबर परत येईल, लोक काय बोलतील. या भीतीला उत्तर मुलीला कोंडून ठेवणे हे नाही. बैठक दिवसाउजेडी घ्या, कमिटीतल्या एखाद्या बाईने तिला घरापर्यंत सोडावे, हे उत्तर आहे. वस्तीतल्या बायकांना रेशनचा अर्ज, पेन्शनचा अर्ज भरून द्यायला अशी मुलगी बसली तर दहा पुरुष कार्यकर्त्यांचे काम एकटी करते, कारण बायका तिच्याजवळ मोकळेपणाने बोलतात.

आता काही मुले अशीही असतात की त्यांना आवरावे लागते. दीक्षा नवी, उत्साह नवा. कॉलेज बुडवून, जेवण विसरून ती धावत असतात. आणि आम्ही खूश होऊन त्यांच्यावर आणखी दोन कामे टाकतो. सोण नावाच्या तरुण भिक्खूची गोष्ट अशा वेळी आठवावी. तो श्रीमंत घरचा, सुकुमार. चंक्रमण करून करून त्याचे पाय फुटले, रक्त आले, आणि इतके करूनही काही साधेना म्हणून घरी परत जावे असे त्याच्या मनात आले. भगवंतांनी त्याला त्याच्या पूर्वीच्या वीणेची आठवण दिली. तार फार ताणली तर सूर लागतो काय? फार ढिली ठेवली तर? तसेच वीर्याचे आहे. येथे ज्येष्ठाचे काम तार जुळविण्याचे आहे, आणि त्यासाठी कधीकधी आपल्याच फायद्याविरुद्ध जाऊन मुलाला ‘या महिन्यात येऊ नकोस, अभ्यास कर’ असे सांगावे लागते. हे सांगणारा कार्यकर्ता मला फार थोड्या ठिकाणी भेटला. जेथे भेटला तेथे मुले पास झाल्यावर परत आली, आणि पगार सुरू झाल्यावरही येत राहिली. १८ मार्च १९५६ ला आग्र्याच्या सभेत शिकलेल्या लोकांनी आपल्याला दगा दिला असे बाबासाहेब अत्यंत व्यथित होऊन बोलले. शिकलेला माणूस समाजापासून का तुटतो याला त्याचा स्वार्थ हे एक कारण आहेच. पण शिकत असताना त्याला समाजाने कसे वागविले हेही कारण असू शकते, आणि ते आपण तपासत नाही.

आईबापांच्या संमतीचा प्रश्न उरतो. राहुलाची प्रव्रज्या झाली तेव्हा शुद्धोदन राजा फार दुःखी झाला. आधी सिद्धार्थ गेला, मग नंद, आता नातूही. पुत्रप्रेम कातड्यातून, मांसातून, हाडातून पार मज्जेपर्यंत कापीत जाते, अशा आशयाचे तो बोलला, आणि आईबापांच्या परवानगीवाचून कोणाच्या मुलाला प्रव्रज्या देऊ नये अशी त्याने मागणी केली. भगवंतांनी ती मान्य केली व तसा नियम घातला. संघासारखे कार्य, आणि बोलावणारे साक्षात बुद्ध. तरीही आईबापांना विचारावे असा नियम झाला. मग आमच्या कमिटीला विचारायला कमीपणा का वाटावा? घरी जावे, आईजवळ बसावे, काम काय, किती वेळ, बरोबर कोण असेल हे सांगावे. मात्र त्याच गोष्टीची दुसरी बाजू विसरू नये. राजाची मागणी मान्य झाली म्हणून राहुलाला राजवाड्यात परत पाठविले गेले नाही. सज्ञान मुलगा किंवा मुलगी विचार करून एखादे काम पत्करीत असेल तर आईबापांनी आपल्या भीतीचे दोर त्याच्या पायाला बांधू नयेत. पुढे त्याच राहुलाला भगवंतांनी शिकविले की आरसा जसा पाहण्यासाठी असतो तसे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर तपासून पाहावे. त्याने आपले वा दुसऱ्याचे अहित होते काय ते पाहावे. ‘आपले वा दुसऱ्याचे’ हे शब्द महत्त्वाचे. मुलाला सेवा शिकविताना त्याचे स्वतःचे अहितही मोजायला शिकविले पाहिजे.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी भिक्खूविषयी एक प्रश्न विचारला आहे. भिक्खू हा केवळ परिपूर्ण मनुष्य घडावा म्हणून आहे, की लोकांच्या सेवेला वाहिलेला त्यांचा मित्र व मार्गदर्शक म्हणून आहे? त्यांचा कौल सेवेकडे होता हे उघड आहे. पण आमच्या गावोगावच्या विहारांत भिक्खू नाही. पुष्कळ ठिकाणी किल्ली शेजारच्या घरी असते आणि सायंकाळी दार उघडणारा कोणीतरी वीस वर्षांचा मुलगा असतो. मेणबत्ती तोच लावतो, त्रिशरण-पंचशील तोच म्हणतो, मुलांना पाढे तोच शिकवितो. लोकांचा मित्र कोण हा प्रश्न त्या गावापुरता त्या मुलाने सोडविलेला असतो. तो किती दिवस टिकेल हे आपल्या हातात आहे.

त्याच्यासाठी एक गोष्ट आपण याच वर्षी करू शकतो. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासाच्या काळात ठिकठिकाणी ग्रंथवाचन चालते. वर्षावास संपला की भिक्खुसंघात पवारणा होते, म्हणजे प्रत्येक भिक्खू संघाला विनंती करतो की माझे काही चुकले असे तुम्ही पाहिले असेल, ऐकले असेल, तुम्हांला शंका आली असेल, तर ते मला सांगा. विनयाप्रमाणे ही विनंती सर्वांत ज्येष्ठ भिक्खू प्रथम करतो, तीही उकिडवा बसून, हात जोडून. मग त्याच्यामागून नवे. आश्विन पौर्णिमेला वाचन संपले की कमिटीच्या ज्येष्ठांनी सतरंजीवर बसून वर्षभर राबलेल्या मुलामुलींना अशी विनंती करावी. मुले पहिल्यांदा गप्प बसतील. मग एखादी मुलगी एस. टी. च्या भाड्याचे काढील, एखादा मुलगा परीक्षेच्या आदल्या रात्री मांडवाला बोलावल्याचे सांगेल. ते वहीत लिहून घ्यावे, आणि उत्तर देण्याची घाई करू नये.